माश्या हाकलण्याचा मान

एखाद्याला निरुद्योगी म्हणायचं असलं की आपण 'बसलाय माश्या मारत' म्हणतो आणि मोकळे होतो. हा वाक्प्रचार कुणी पाडला कोण जाणे, पण त्याचा इतिहास कच्चा असणार. माश्या हाकलणं हा एके काळी मोठा हुद्दा होता. त्याला कूळ लागे, वशिला लागे, त्याबद्दल वस्त्रं आणि इनामं मिळत, आणि राजाच्या इतकं जवळ उभं राहायला मिळे की पट्टराणीला हेवा वाटावा. फक्त दरबारात त्याला माश्या हाकलणं म्हणत नसत, चवरी ढाळणं म्हणत. हल्ली सरकारी कचेरीत माश्या मारणाऱ्याला विशेष कार्य अधिकारी म्हणतात, त्यातलाच प्रकार.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की जगातल्या निम्म्या थाटामाटाचं मूळ माशीत आहे. ती नसती तर छत्र असतं, सिंहासन असतं, पण सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना हातात केसांचा झुबका घेऊन अदबीनं उभी असलेली ती दोन माणसं नसती. आणि ती नसती, तर मधला माणूस राजा आहे हे लांबून ओळखायचं कसं?

लॅटिनमध्ये फ्लॅबेलम असा एक शब्द आहे. अर्थ पंखा, दुसरं काही नाही. रोमन लोकांच्या घरात तो रोजच्या वापरातला होता. टेरेन्सच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका नाटकात एक चावट तरुण नोकराचा वेश घेऊन घरात शिरतो आणि त्याच्या हाती पंखा देऊन त्याला मुलीला वारा घालायला बसवतात, म्हणजे पंख्याची अब्रू तेव्हाही फार धड नव्हती. पुढे लॅटिन बोलणारे संपले आणि या शब्दाला दोनच ठिकाणी आसरा मिळाला: चर्चच्या जुन्या विधींत आणि जीवशास्त्राच्या पुस्तकांत. पाद्रीबुवांना फ्लॅबेलम विचारलंत तर ते शहामृगाच्या पिसांचा भलाथोरला पंखा सांगतील. कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलंत तर मधमाशीच्या जिभेच्या टोकाची इवलीशी चमच्यासारखी पाकळी. दोघंही बरोबर असतात आणि दोघांची एकमेकांशी ओळख नसते.

आधी चर्चचं पाहू, कारण तिथला कागद पक्का आहे. 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' ही आपली जुनी कुरकुर. पहिल्याच घासाला माशी. चौथ्या शतकाच्या अखेरीस सीरियाच्या बाजूला संकलित झालेल्या 'अपोस्टोलिक कॉन्स्टिट्यूशन्स' या नियमग्रंथानं हा मक्षिकापात होऊच नये अशी तजवीज करून ठेवली. वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन डीकन उभे राहतील, त्यांच्या हाती पातळ चामड्याचे, मोरपिसांचे किंवा तलम कापडाचे पंखे असतील आणि ते आवाज न करता उडत्या किड्यांना पेल्यांपासून दूर ठेवतील. पेल्यात द्राक्षाची दारू. तिच्यावर चिलटं येणारच, मग ती पवित्र होण्याच्या वाटेवर का असेना. इतकं सरळ, स्वयंपाकघरातलं कलम धर्मग्रंथात क्वचित सापडतं. लिहिणाऱ्यानं कधीतरी भर प्रार्थनेत पेल्यातून काहीतरी बोटानं काढलेलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

इथवर ठीक होतं. पण पंखा देवाच्या इतका जवळ गेला की तो पंखा राहत नाही. नवव्या शतकातलं टूर्नूचं फ्लॅबेलम आज फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे. चित्रं काढलेलं चर्मपत्र, त्याच्या बारीक चुण्या, उघडला की पुरं वर्तुळ, आणि दांड्यावर हस्तिदंताचं कोरीवकाम. हे हातात घेऊन माशी हाकलायची कुणाची छाती होईल? उलट माशी त्यावर बसू नये म्हणून दुसरा पंखा घेऊन दुसरा माणूस ठेवावा लागला असता. पूर्वेकडच्या चर्चनी तर वाऱ्याचा प्रश्नच मिटवला. त्यांनी पंखा धातूचा केला, त्यावर सहा पंखांच्या देवदूताचं चित्र काढलं, आणि सुरियानी परंपरेत, म्हणजे आपल्या केरळातल्या चर्चमध्येसुद्धा, त्या तबकडीला घुंगरं लावली. आता तो हलवला की वारा येत नाही, नाद येतो. माशी संगीतानं पळते असा कुणाचाच अनुभव नाही.

रोमला याचा कळस झाला. पोपमहाराजांची खुर्ची खांद्यांवरून निघे तेव्हा दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर पांढऱ्याशुभ्र शहामृगी पिसांचे दोन प्रचंड पंखे चालत. पिसांच्या टोकांशी मोरपिसांचे डोळे शिवलेले. डोळे का, तर चर्च सदैव जागरूक असतं म्हणून, असा अर्थ लावणारे लगेच भेटले. अर्थ लावणारे कुठेही कमी पडत नाहीत. मुळात मोरपीस यासाठी होतं की ते हलकं असतं आणि फडफडतं, पण असं सांगितलं तर प्रवचन दोन मिनिटांत आटपेल. १९०२ मध्ये फिलाडेल्फियाच्या श्रीमती ड्रेक्सेल नावाच्या धनिक बाईंनी पोप लिओ तेरावे यांना नवी कोरी जोडी दिली आणि त्यांना जुनी जोडी मिळाली. ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात गेली. जुने द्या, नवे घ्या या योजनेत इतके वजनदार गिऱ्हाईक पुन्हा झाले नसेल. पुढे १९६०च्या दशकात पोप पॉल सहावे यांनी बराच जुना थाट आटोपता घेतला, त्यात हे पंखेही गेले. तोवर व्हॅटिकनमध्ये विजेचे पंखे आले होते, आणि खिडक्यांना जाळ्या तर आधीच लागल्या असतील.

या सगळ्यातून एक क्रम दिसतो. आधी माशी जाते. मग वारा जातो. मग उरतो दांडा, आणि तो धरणाऱ्याचा पगार.

इजिप्तमध्ये हा क्रम चर्चच्या कितीतरी आधी पुरा झाला होता. 'राजाच्या उजव्या बाजूचा पंखाधारी' हा तिथला किताब. तो मिळालेल्या माणसानं आयुष्यात वारा घातला असेलच असं नाही, पण राज्य मात्र चालवलं. आय हा दरबारी आणि होरेमहेब हा सेनापती, दोघांच्या किताबांत हा पंखा आहे, आणि तूतानखामेन तरुणपणी गेल्यावर हे दोघं ओळीनं, एकामागून एक, फेरो झाले. पंखा धरणाऱ्याकडे राजांनी अधूनमधून वळून पाहत जावं, एवढंच यातून कळतं. तूतानखामेनची कबर १९२२ मध्ये उघडली तेव्हा आत सोन्यानं मढवलेला पंखा निघाला. त्यावर राजा शहामृगांची शिकार करतो आहे असं चित्र, आणि त्याच शिकारीतली पिसं पंख्याला लावल्याचं कोरून ठेवलेलं. पिसं मात्र नव्हती, नुसती खुंटं. बाकी किड्यांनी खाल्लं होतं. ज्यांना हाकलायला तो पंखा केला त्यांनीच सवडीनं येऊन तो संपवला, सोन्याला तोंड न लावता.

आपल्याकडे हा कारभार याकच्या शेपटीवर चालला. चवरी म्हणजे हिमालयातल्या याकच्या, आपल्या संस्कृत ग्रंथांतल्या चमरीच्या, शेपटीचे केस. पांढरी शेपूट सर्वांत महाग. मूळ मालक या शेपटीनं काय करत होता? माश्याच हाकलत होता, आणि ती जागेवर असताना जास्त चांगल्या हाकलत होता. माणसानं ती कापली, चांदीच्या मुठीत बसवली, आणि याक जे बसल्या जागी फुकट करायचा त्यासाठी एक चाकर नेमला. याला आपण संस्कृती म्हणतो.

दीदारगंजची यक्षी घ्या. १९१७ मध्ये पाटण्याजवळ गंगेच्या काठी ही दगडी बाई मिळाली. अंगावर आरशासारखी झिलई, उजव्या हातात चवरी, डावा हात तुटलेला. हिंदुस्थानी शिल्पकलेच्या प्रत्येक पुस्तकात तिचा फोटो असतो, आज ती पाटण्याच्या बिहार म्युझियममध्ये मानानं उभी आहे. ती चवरी ढाळत होती कुणावर? पत्ता नाही. ज्याच्यासाठी तिनं इतकी शतकं हात उचलून धरला तो धनी कुठं गेला, राजा होता की देव, की कुणी नव्हताच, हे कुणाला ठाऊक नाही. चाकरी टिकली, मालक गेला. अजिंठ्या-वेरुळाला मात्र दोन्ही पक्ष शाबूत आहेत. मध्ये बुद्ध आणि दोन्ही बाजूंना चवरीधारी. बुद्धाची मुद्रा पाहता त्याला माशीचा त्रास होत असावा असं वाटत नाही.

खुद्द बुद्धांचं या बाबतीतलं मत तर लेखी आहे. विनयपिटकात भिक्षूंना डासांसाठी पंखा वापरायची परवानगी आहे. चवरीला बंदी. चालतील ते पंखे तीन: सालीचा, वाळ्याचा आणि मोरपिसांचा. म्हणजे डास चावतात हे मान्य, पण त्या निमित्तानं राजेशाही नको. आता याचं पुढं काय झालं ते पाहा. भिक्षू ताडपत्राचा पंखा घेऊन फिरू लागले. प्रवचनाच्या वेळी तो तोंडासमोर धरू लागले, की ऐकणाऱ्यानं धर्म ऐकावा, तोंड पाहू नये. थायलंडमध्ये या पंख्याला आजही ताडपत्रावरूनच आलेलं नाव आहे. पण तिथं ज्येष्ठ भिक्षूंना राजाकडून हुद्द्याचा पंखा मिळतो, रेशमी, जरीच्या भरतकामाचा, आणि त्याच्या आकारावरून आणि नक्षीवरून कोण कोणाच्या वर हे जाणकाराला लांबूनच कळतं. बुद्धांनी चवरी दारातून बाहेर काढली, ती वर्ष-दोन हजारांत खिडकीतून पदोन्नती घेऊन आत आली.

या सगळ्या गर्दीत दिगंबर जैन मुनींची पिच्छी तेवढी वेगळी. कोल्हापूर-सांगलीकडे मुनी विहार करताना दिसतात, त्यांच्या हातात मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची ही जुडी असते. बसण्याआधी जागेवरून ती हलकेच फिरवायची, म्हणजे खाली मुंगी, किडा असेल तर तो चिरडू नये. इतर सगळे पंखे माणसाला किड्यापासून वाचवायला निघाले. हा एकच किड्याला माणसापासून वाचवायला. किड्यांमध्ये काही इतिहासलेखन असेलच तर त्यात एवढी एक नोंद चांगली निघेल.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. बखरीतलं त्याचं वर्णन वाचताना मी नेहमी अष्टप्रधानांच्या हातांकडे बघतो. काहींच्या हाती कलश, एकाच्या छत्र, दोघांच्या चामर, आणि परराष्ट्राचा कारभार पाहणारे सुमंत यांच्या हाती व्यजन, म्हणजे पंखा. ज्यांनी इतर दिवशी वकिलाती सांभाळायच्या, तहनाम्यांवर खल करायचा, ते पंखा घेऊन उभे आहेत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण तीच त्यांची शपथ. आजच्या मंत्रिमंडळाला अशी कामं वाटून द्यायची म्हटली तर छत्र कुणाकडे, यावरच खातेवाटप तीन आठवडे अडेल, आणि पंखा ज्याच्या वाट्याला येईल तो त्याच रात्री समर्थक आमदारांना घेऊन एखाद्या रिसॉर्टवर सापडेल.

सामान्य माणसानं हा खर्च कसा झेपवावा? त्याची सोय आपल्या पूजाविधीनं इतकी सफाईनं केली आहे की अर्थमंत्र्यांनी शिकवणी लावावी. षोडशोपचार संपत आले की गुरुजी एका दमात छत्र, चामर, गीत, नृत्य, वाद्य अशी यादी म्हणतात आणि या सर्व राजोपचारांच्या बदल्यात अक्षता वाहायला सांगतात. झालं. चिमूटभर तांदळात छत्रही आलं, चवरीही आली आणि नृत्यांगनेचं मानधनही चुकतं झालं. देवानं आजवर तक्रार केलेली नाही. नैवेद्यावर बसणाऱ्या माशीला मात्र अक्षता लागू पडत नाहीत. तिच्यासाठी यजमानांच्या वहिनी पदरानं वारा घालत असतातच, पण तो उपचारांत धरत नाहीत.

देवळात अजून खरीखुरी चवरी दिसते. तुळशीबागेत पूजासाहित्याच्या दुकानात चौकशी केली तर जर्मन सिल्व्हरच्या मुठीची, पांढऱ्या नायलॉनच्या धाग्यांची चवरी पुढं येते. 'खरी याकची नाही का?' म्हटलं तर दुकानदार दयेनं बघतो. 'ती घेऊन काय करणार साहेब? वास मारते. ही सर्फमध्ये धुता येते.' यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. आरतीला ही चवरी साधारणपणे बारा वर्षांच्या एखाद्या मुलाच्या हाती येते, कारण घंटा मोठ्यांनी आणि झांजा काकांनी आधीच बळकावलेल्या असतात. पहिली दोन कडवी तो नीट, तालावर, देवाच्या डाव्या-उजव्या बाजूला ढाळतो. तिसऱ्याला हात दुखायला लागतो. मग चवरीचा घेर वाढत जातो, धाग्यांची टोकं गुरुजींच्या कानाला लागतात, गुरुजी आरतीच्या चालीतच 'अरे हळू' म्हणून घेतात. शेवटच्या जयदेवाला त्यानं चवरी दोन्ही हातांत धरलेली असते आणि ती जेमतेम समईच्या ज्योतीपासून वाचते. याच मुलाच्या खापरपणजोबांना कुठल्यातरी संस्थानात या कामाची सनद होती असं घरात सांगतात. हात तेव्हाही दुखतच असणार. सनदेत त्याचा उल्लेख नसतो.

वारा घालणं हे मुळात दुसऱ्यासाठी करायचं काम. घालणाऱ्याला घामच येतो. इंग्रजी अमदानीत छताला कापडाचा लांबलचक पंखा टांगत आणि त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर काढत. बाहेर ओसरीवर पंखेवाला बसून ती ओढी. आत न्यायाधीश थंडगार. बाहेर त्याला वारा नाही, मान नाही, किताब नाही. इजिप्तमध्ये याच कामावर माणूस फेरो झाला होता, पण जाहिरात देताना कुणी तसं सांगत नाही.

आपला साधा पंखा ताडाचा. १७५३ मध्ये लिनियसनं झाडांची नावं पक्की केली तेव्हा ताडाला बोरॅसस फ्लॅबेलिफर म्हटलं. फ्लॅबेलिफर म्हणजे पंखाधारी, इजिप्तमधला तोच हुद्दा. वसई-पालघरकडे रस्त्याच्या कडेला ताडगोळे सोलत बसलेल्या मावशींना हे सांगून पाहा. त्या 'डझन देऊ का?' एवढंच विचारतील. नारळाचं पान पिसासारखं लांब चिरत जातं, ताडाचं एका बिंदूतून उघडतं. ते वाळवून, कडा कापून, काठाला लाल कापडाची झालर शिवली की विंझणा तयार, देठच त्याचा दांडा. वाळ्याचा पंखा असेल तर त्यावर पाणी शिंपायचं. जुन्या पंगतीत उन्हाळी लग्नाला हे पंखे फिरत, आणि व्याह्याला वारा कुणी घातला, जोरात घातला की तोंडदेखला, यावर पुढची दहा वर्षं बोलणं होई. आता वीज गेली की लग्नपत्रिका हलवतात. पत्रिका इतक्या जाड का छापतात याचं मला दुसरं सयुक्तिक कारण सापडलेलं नाही.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू, प्राण्यांच्या. लिनियसचाच १७५८ चा ग्रंथ उघडला, 'सिस्टेमा नॅचुरी'ची दहावी आवृत्ती, की एक मजेशीर संमेलन दिसतं. पंख्याला डोळे पुरवणारा मोर त्यात आहे. पिसं पुरवणारा शहामृग आहे. मधमाशी आहे. आणि या सगळ्यांना कामाला लावणारी घरमाशी, मस्का डोमेस्टिका, तीही त्याच ग्रंथात, सगळ्यांच्या बरोबरीनं, विना मानधन.

प्राण्यांचा एक गुण पहिल्याच भेटीत दिसतो. त्यांच्याकडे पंखा आहे आणि तो चालू आहे. फ्लॅबेलम नावाची जिभेवरची ती पाकळी घेऊन मधमाशी फुलाच्या तळाचा शेवटचा थेंबही पुसून घेते. पोळं तापलं की कामकरी माश्या दाराशी पाय रोवून पंख चालवतात. आतल्या अळ्यांना साधारण ३४-३५ अंश हवे असतात, आणि मकरंदातलं पाणी उडाल्याशिवाय मध होत नाही. युरोपातली पाळीव मेलिफेरा माशी आत तोंड करून उभी राहते आणि आतली गरम हवा बाहेर ओढते. महाबळेश्वराच्या मधपेट्यांतली आपली सातेरी बाहेर तोंड करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. काम एकच, पाठ उलट. तिच्या उजव्या बाजूला उभं राहण्याचा कुणाला किताब नाही. राणीमाशीला तर कुणी वाराही घालत नाही, घालतात तो घराला.

हत्तीबद्दल तर काय सांगावं. त्याच्यावर अंबारी, अंबारीत राजा, राजावर चवरी. पण खुद्द हत्ती माश्यांसाठी कुणावर अवलंबून नाही. डार्विननं १८७१ च्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानातले पाळीव हत्ती झाडाची फांदी मोडून तिनं माश्या हाकलतात. पुढे नागरहोळेच्या जंगलात हत्तींना मुद्दाम नको तेवढ्या लांब फांद्या देऊन पाहिलं. बऱ्याच जणांनी पायाखाली धरून, सोंडेनं पिळून त्या बेताच्या केल्या, बाजूचे फाटे काढले आणि कामाला लागले. मोजमाप घेऊन स्वतःची चवरी स्वतः करणारा, ती स्वतःच ढाळणारा आणि काम झाल्यावर खाऊन टाकणारा हा एकच मानकरी माझ्या पाहण्यात आहे.

आणि मग समुद्रपंखा. हा खरा पंख्याच्या घराण्याचा कुलदीपक. झुडपासारखा दिसतो, जाळीदार, सपाट, खडकाला चिकटलेला. तो झाड नाही. हजारो इवल्या जिवांची ती एकत्र वसाहत, प्रवाळांची भावकी. प्रत्येकाला आठ बोटं, त्या बोटांनी पाण्यातून वाहत येणारं भक्ष्य पकडायचं. लिनियसनं कॅरिबियन समुद्रातल्या एका समुद्रपंख्याला नावच गॉर्गोनिया फ्लॅबेलम दिलं, त्याच १७५८ मध्ये. हा पंखा हलत नाही. तो प्रवाहाला बरोबर आडवा वाढतो आणि पाणीच त्याच्यातून आरपार जातं. वारा घालायला कुणी नको, घ्यायलाही कुणी नको. आपल्या कोकणातही मासेमारीच्या जाळ्यांत हे समुद्रपंखे वर येतात.

वर आल्यावर काही जणांचं नशीब फिरतं. वाळवून, काळा रंग चढवून, काचेच्या चौकटीत बसवून त्यांचं इंद्रजाल होतं. 'काळं इंद्रजाल, दुर्मीळ वनस्पती, सिद्ध केलेली' असं म्हणत ते देवळांबाहेर विकलं जातं, आणि फोनवरून मागवलं तर घरपोच. घेणारे शिकलेले, हप्त्यावर घर घेतलेले. दारासमोर टांगायचं. वास्तुदोष जातो, नजर लागत नाही, करणी परत जाते, धंद्यात बरकत. सोबत पूजाविधीचा एक छापील कागद: मंगळवारी की शनिवारी, कुठल्या तेलाचा दिवा, तोंड कुणीकडे. समुद्रात पाण्याला आडवा उभा राहून जो रोज पोटापुरतं पकडत होता तो आता बैठकीच्या भिंतीवर पंख्याच्या वाऱ्याला आडवा टांगलेला असतो, आणि त्याच्याकडून नकारात्मक ऊर्जा पकडण्याची अपेक्षा असते. तो पकडतो ती धूळ. ती पुसायला कामवाल्या ताई नाकारतात, कारण त्यांना ते भूताखेताचं वाटतं. अख्ख्या घरात त्यांचाच अंदाज सत्याच्या जवळचा असतो: ते प्रेतच आहे, आणि एकाचं नाही, हजारोंचं.

आता यातला कायदा. समुद्रपंखा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीला. तो बाळगणं, विकणं, विकत घेणं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं. देशभर यावर धाडीही पडल्या आहेत. साडेसाती टळावी म्हणून भिंतीवर लावलेल्या वस्तूपायी सात वर्षं! शनिमहाराजांना यात हात घालावाच लागत नाही, सगळं परस्पर होतं. आणि वर पुन्हा 'एवढी पूजा केली तरी कसं काय झालं?' हा प्रश्न गुरुजींना विचारायला यजमान मोकळे.

तेव्हा वाचकहो, कुणी इंद्रजाल दाखवलं तर ते घेऊ नका, आणि ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांना पहिलं परिशिष्ट सांगा. राजोपचारांची हौस असेल तर अक्षता आहेत. आणि घरात माश्या झाल्या असतील तर ओल्या कचऱ्याचा डबा झाकून ठेवा आणि रोज रिकामा करा. उन्हाळ्यात अंड्यापासून पुरी माशी व्हायला तिला आठ-दहा दिवस पुरतात.